पुण्याची एक मुंगी व तिचें नांव

एखाद्या वस्तूचें नांव कळलें म्हणजे ती वस्तुच आपणांस कळली, असा मनुष्याचा नेहमीं समज होतो. हा समज पुष्कळदां खोटा ठरतो. परंतु त्याच्या उलट बाजूस एक खरी गोष्ट आहे. ती ही कीं, ज्या वस्तूस नांव नाहीं तिच्याविषयीं दोन माणसांस एकमेकांशीं बोलतांच येत नाहीं. पहिल्यानें जें पाहिलें तेंच दुसऱ्यानें पाहिलें कीं नाहीं, हें ठरविण्यास साधनच उरत नाहीं. हा विचार प्रस्तुत लेखकाच्या मनांत एका अगदीं क्षुल्लक प्रसंगानें आला, व तो प्रसंग एका मुंगीचा होता.

भिवंडीस आमच्या घराच्या मागील बाजूस एक तगरीचें झाड आहे. मृगाच्या आधीं त्याचीं सुकलेलीं पानें वेंचतां वेंचतां माझ्या नातीस एक गुंडाळलेलें पान सांपडलें. तें उलगडून पाहतांच आंतून पिवळसर रंगाच्या अतिशय बारीक मुंग्यांचें एक लहानसें बिऱ्हाडच बाहेर आलें. चाळीसपन्नास मुंग्या असतील. कोणाच्या तोंडांत पांढरीं अंडीं होतीं, कोणाच्या तोंडांत अळ्या. "आजोबा, ह्या कोणत्या मुंग्या?" असें तिनें विचारलें. मीं उत्तर दिलें, "बारीक मुंग्या." "तें मलाही दिसतें आहे. पण ह्यांचें नांव काय?" ह्या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें. साठ वर्षें ज्या प्राण्यांबरोबर एका घरांत काढलीं, त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत, ही गोष्ट त्या दिवशीं प्रथमच टोंचली. त्या टोंचणीमुळें पुढें जें वाचन घडलें, त्याचा सारांश वाचकांपुढें ठेवावा असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

मराठी भाषा मुंग्यांच्या बाबतींत दरिद्री आहे असें मात्र कोणीं समजूं नये. मुंगी, मुंगळा, डोंगळा हे भेद लहान मुलासही समजतात. आंब्याच्या झाडावर पानें शिवून घरटें करणारे व अंगावर पडले असतां जीव नकोसा करणारे तांबडे हुमले कोंकणांत कोणास ठाऊक नाहींत? आणि एका बाबतींत तर आमच्या अडाणी म्हटलेल्या शेतकऱ्यानें इंग्रजांवर ताण केली आहे. इंग्रज लोक वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हणत आले. वास्तविक वाळवीचा मुंगीशीं कांहीं एक संबंध नाहीं, तिचें जवळचें नातें झुरळाशीं आहे. आमच्या भाषेनें मुंगी व वाळवी हे दोन निरनिराळे शब्द पूर्वींपासून वेगळे ठेविले. परंतु डोळ्यांस सहज दिसणाऱ्या दहापांच प्रकारांपलीकडे ही नांवें पोहोंचत नाहींत. २०१६ सालीं हिंदुस्थानांतील मुंग्यांची जी शास्त्रीय यादी प्रसिद्ध झाली, तींत १०० प्रजाति व ८२८ जाति-उपजाति नोंदविल्या आहेत. घरगुती भाषेनें एवढ्यांचीं बारशीं करावीं ही अपेक्षाच व्यर्थ होय.

आपल्या प्रांतांत हें बारसें करण्याचा उद्योग प्रथम मनावर घेतला तो एका लष्करी गृहस्थानें. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांस मुंबई सरकारनें दक्षिणच्या मुलुखाची आंकडेवार पाहणी करण्याच्या कामावर १८२४ सालीं नेमिलें होतें. पिकें, जमिनी, लोकसंख्या यांची टिपणें करतां करतां हा मनुष्य पक्षी, मासे व किडेही टिपीत असे. पुण्यास असतां कवाइतीच्या मैदानाजवळ पडीत जमिनीवर गवताच्या बियांचे लहान लहान ढीग त्याच्या दृष्टीस पडले. जवळ जाऊन पाहतां असें दिसलें कीं, शेंकडों मुंग्या जमिनीखालच्या कोठारांतून भिजलेलें बीं वर आणून उन्हांत वाळत घालीत आहेत. पावसाचें पाणी कोठारांत शिरलें, धान्य भिजलें, आतां ऊन पडलें तेव्हां तें वाळविलें पाहिजे. आपल्या घरची कोणतीही गृहिणी याहून निराळें काय करते?

आम्हांस ही गोष्ट साधी वाटेल. पण युरोपांतील पंडितांस ती साधी वाटली नाहीं. मुंगी उन्हाळ्यांत धान्यसंग्रह करते असें प्राचीन ग्रंथांतून लिहिलेलें आहे खरें. परंतु थंड देशांतील मुंग्या तसें करीत नाहींत. म्हणून तिकडील शोधकांनीं असें ठरवून टाकिलें होतें कीं, प्राचीनांची फसगत झाली, मुंग्या तोंडांत धरून नेतात ते त्यांचे कोश असून प्राचीनांनीं त्यांसच धान्याचे दाणे मानलें. साइक्सच्या पुण्यांतील निरीक्षणानें प्राचीनांचा पक्ष पुन्हां उभा केला. त्यानें आपल्या निबंधांत त्या मुंगीस 'प्रॉव्हिडन्स', म्हणजे दूरदर्शी, असें विशेषण दिलें. पुढें दक्षिण हिंदुस्थानांतील मुंग्यांची यादी १८५१ सालीं प्रसिद्ध करणाऱ्या टॉमस जर्डन यांनींही मुंग्यांच्या धान्यसंग्रहास दुजोरा दिला. आणि १८७३ सालीं मॉग्रिज नांवाच्या इंग्रज शोधकानें फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर प्रत्यक्ष कोठारें उकरून दाखविलीं, तेव्हां हा वाद कायमचा मिटला.

साइक्सचें निरीक्षण असें टिकलें. त्याचें नामकरण मात्र अर्धेंच टिकलें. 'दूरदर्शी' हें विशेषण आजही त्या मुंगीकडे आहे. परंतु ज्या 'अट्टा' प्रजातींत त्यानें तिला घातलें होतें, तें नांव आतां अमेरिका खंडांतील पानें कापणाऱ्या मुंग्यांपुरतें राहिलें असून त्या मुंग्या हिंदुस्थानांत मुळींच नाहींत. पुण्याची दूरदर्शी मुंगी हल्लीं 'फिडोले' या प्रजातींत मोडते. शास्त्रांत आडनांव बदलतें, पाळण्यांतलें नांव बहुधा बदलत नाहीं, हा नियम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील कथेंत त्याचा उपयोग आहे.

साइक्सनंतर अर्धें शतक लोटलें. १८८३ सालच्या सप्टेंबरच्या १५ तारखेस मुंबईंत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्यूझियममध्यें, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, आठ गृहस्थ जमले व त्यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. या आठांपैकीं सहा युरोपियन होते, दोघे आपले होते. एक प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, व दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. सखाराम अर्जुन. धर्मसुधारणेच्या इतिहासांत आत्मारामपंतांचें नांव घेणारे पुष्कळ आहेत. परंतु सापविंचू व किडेमुंग्या यांचा अभ्यास करणाऱ्या या संस्थेच्या पायाचा एक दगड त्यांनीं घातला, हें थोड्यांच्याच स्मरणांत आहे. याच आठांत साताऱ्यास जन्मलेले, मिठाच्या व जकातीच्या खात्यांत नोकरी करणारे व 'एहा' या टोपणनांवानें लिहिणारे एटकिन हेही होते. त्यांच्या विनोदी लेखांनीं घरांतल्या उंदरापासून व्हरांड्यांतल्या मुंगीपर्यंत सर्व जीव वाचकांच्या परिचयाचे केले.

या संस्थेचें नियतकालिक १८८६ सालीं सुरू झालें. त्यांतील मुंग्यांविषयींच्या लेखांत एक नांव वारंवार आढळतें; तें म्हणजे रॉबर्ट चार्ल्स रॉटन. हे मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांतील मोठे अधिकारी. जंगलखात्याचा अधिकारी म्हटला म्हणजे वाघ व सांबर मारणारा, अशी आपली समजूत असते; रॉटनसाहेबांस नाद लागला तो मुंग्यांचा. १८९२ सालीं त्यांनीं 'आपल्या मुंग्या' या अर्थाच्या नांवाचा निबंध याच नियतकालिकांत प्रसिद्ध केला. शीर्षकांतील 'आपल्या' हा शब्द मोठा मार्मिक आहे. परक्या देशांतून आलेल्या मनुष्यानें त्या मुंग्यांस 'आपल्या' म्हटलें, आणि त्या जिच्या अंगणांतल्या होत्या त्या भाषेंत मात्र त्यांच्याविषयीं चार ओळीही लिहिल्या गेल्या नव्हत्या.

मुंग्या गोळा करणें एक, व त्या ओळखणें दुसरें. ओळखण्याकरितां जगांतील इतर मुंग्यांशीं तुलना केली पाहिजे, व तो संग्रह इकडे नव्हता. म्हणून रॉटन आपल्या मुंग्या स्वित्झर्लंडमध्यें ऑग्यूस्त फोरेल यांजकडे पाठवीत. फोरेल हे विलक्षण गृहस्थ होते. धंद्यानें ते मनोविकारांचे वैद्य. झूरिच येथील प्रसिद्ध वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख. मद्यपाननिषेधाचे कट्टे पुरस्कर्ते. आणि फावल्या वेळांत जगांतील मुंग्यांचे पहिल्या प्रतीचे जाणते. पुढें स्वित्झर्लंडनें आपल्या हजार फ्रँकच्या नोटेवर यांची छबी छापली व नोटेच्या पाठीवर मुंग्या काढल्या. हिंदुस्थान व सिलोन येथील मुंग्यांचें त्यांनीं केलेलें वर्णन मुंबईच्या नियतकालिकांत १८९२ पासून अनेक वर्षें क्रमशः येत होतें, व तें फ्रेंच भाषेंत होतें! मुंबईंत छापलेलें, फ्रेंचांत लिहिलेलें, पुण्याच्या व कानड्याच्या मुंग्यांचें हें चरित्र आज कोणीं उघडून पाहिलें तर त्यास मौज वाटल्याशिवाय राहणार नाहीं.

आतां मुख्य कथेकडे वळूं. मुंग्यांची ओळख पटविण्यांत एक अडचण अशी आहे, कीं जी पक्ष्यांच्या किंवा फुलपांखरांच्या बाबतींत सहसा येत नाहीं. एकाच वारुळांतील राणी, कामकरी व नर हे रूपानें इतके भिन्न असतात कीं, ते निरनिराळ्या ठिकाणीं सांपडले असतां एकाच आईचीं लेंकरें आहेत असें कोणासही वाटणार नाहीं. नराचें काम एवढेंच कीं, पंख फुटले म्हणजे उडून जावें, एकदां समागम करावा व मरावें. 'मरणकाळीं मुंगीला पंख फुटतात' ही आपली म्हण नरांच्या बाबतींत अक्षरशः खरी आहे. असे पंखवाले नर रात्रीं दिव्यावर येऊन पडतात, तेथें ते शोधकाच्या हातीं लागतात. आणि त्यांच्या बहिणी मात्र दूर कोठें जमिनीखालीं असतात. मग नरास एक नांव मिळतें व बहिणींस दुसरें.

'एनिक्टस' या प्रजातीचें असेंच झालें होतें. शुकार्ड नांवाच्या शास्त्रज्ञानें १८४० सालीं केवळ नरांवरून ही प्रजाति स्थापिली, व तिला ग्रीक भाषेंतील कोड्याचा अर्थ असलेलें नांव दिलें. पुढें १८५७ सालीं स्मिथ यानें आंधळ्या, फौजेसारख्या रांगेनें चालणाऱ्या कामकरी मुंग्यांवरून 'टिफ्लॅटा' नांवाची निराळी प्रजाति निर्माण केली. या दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, याचा पुरावा कोणाजवळ नव्हता. तो रॉटननें मिळविला. त्यास कामकरी मुंग्या व नर एकत्र सांपडले, आणि कोडें सुटलें: एनिक्टस हे भाऊ व टिफ्लॅटा ह्या बहिणी. फोरेलनें १८९० सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या मथळ्यांतच त्यानें ही दोन्ही नांवें जोडून 'रॉटन यांचा शोध' असा उल्लेख केला. जुनें नांव तें खरें, या नियमानें एनिक्टस हें नांव राहिलें व टिफ्लॅटा गेलें.

त्याच १८९० च्या निबंधांत पुण्याहून आलेल्या दुसऱ्या एका मुंगीचें वर्णन होतें. ही मुंगी अवघी दोन मिलिमीटर लांबीची. मोठ्या मुंगळ्याच्या डोक्यावरही सहज मावेल एवढी. फोरेलला ती कोणत्याच ज्ञात प्रजातींत बसेना, म्हणून त्यानें तिच्यासाठीं नवीन प्रजाति केली. इटालींत बोलोन्या येथें कार्लो एमेरी नांवाचे मुंग्यांचे दुसरे मोठे जाणते होते. ते फोरेलच्याच वयाचे, दोघांचाही जन्म १८४८ सालचा. त्यांच्या सन्मानार्थ प्रजातीचें नांव 'एमेरीआ' ठेविलें, व जातीचें नांव रॉटनवरून 'रॉटनी'. पुण्याच्या एका कणाएवढ्या मुंगीच्या नांवांत एक इटालियन, एक इंग्रज, व नांव ठेवणारा स्विस असे तीन देश एकत्र आले. पुण्याचा मात्र चिठ्ठीवर गांवाचें नांव म्हणून काय तो उल्लेख.

परंतु दोन वर्षांतच फोरेलला स्वतःची चूक दिसून आली. या मुंगीच्या नराला पंखच नव्हते. तो दिसण्यांत कामकरी मुंगीसारखाच होता. नर म्हणजे पंखवाला, ही मुंग्यांच्या शास्त्रांतील जणुं श्रुतिवाक्यासारखी गोष्ट. तिला हा उघड अपवाद होता, व त्या अपवादानेंच गोंधळ माजविला होता. फोरेलनें पुन्हां तुलना करून पाहिलें, तेव्हां त्याच्या लक्षांत आलें कीं, ही प्रजाति नवी नसून एमेरीनें स्वतःच १८६९ सालीं स्थापिलेली 'कार्डिओकोंडायला' हीच ती होय. कमरेच्या दोन मण्यांपैकीं दुसरा मणी वरून पाहतां हृदयाच्या आकारासारखा रुंद दिसतो, त्यावरून हें नांव पडलें आहे. १८९२ सालीं फोरेलनें निबंध लिहून आपली 'एमेरीआ' प्रजाति मागें घेतली, व पुण्याची मुंगी 'कार्डिओकोंडायला रॉटनी' झाली. आडनांव बदललें, पाळण्यांतलें नांव राहिलें.

येथें क्षणभर थांबून विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. मित्राच्या सन्मानार्थ दिलेलें नांव दोन वर्षांच्या आंत, आपल्याच हातानें, चारचौघांत रद्द करणें हें सोपें काम नव्हे. आमच्याकडे वादविवादांत एकदां तोंडांतून गेलेला शब्द मरेपर्यंत सांभाळण्यासच पुष्कळजण पांडित्य समजतात. फोरेलनें नुसती माघार घेतली नाहीं. चूक ज्या अपवादामुळें झाली त्या अपवादाचाच त्यानें पाठपुरावा केला. त्यानें असा तर्क केला कीं, नराला पंख नाहींत त्या अर्थीं तो घरटें सोडून जात नाहीं. घरटें सोडीत नाहीं त्या अर्थीं त्याचा समागम आपल्याच घरट्यांतील बहिणींशीं होत असला पाहिजे. आणि हें पिढ्यान्‌पिढ्या चालत असूनही ही जाति जिवंत आहे. १८९२ च्या त्या निबंधाच्या मथळ्यांत नराबरोबरच या 'अखंड सगोत्र संतति'चाही निर्देश आहे. नांव चुकलें म्हणून जो प्रश्न उत्पन्न झाला, तो नांवापेक्षां मोठा निघाला.

पुढें जवळजवळ शंभर वर्षें या प्रश्नाकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस जपान, अमेरिका व जर्मनी येथील शोधकांनीं या प्रजातीच्या वसाहती प्रयोगशाळेंत पाळून जें पाहिलें, तें एखाद्या राजघराण्याच्या बखरींत शोभावें असें आहे. या मुंग्यांत नर दोन प्रकारचे निघतात. एक नेहमींचे पंखवाले, व दुसरे बिनपंखी. बिनपंखी नर घरट्यांतच राहतो, आणि दुसरा बिनपंखी नर कोशांतून बाहेर पडतांच, त्याचें अंग मऊ आहे तोंच, विळ्यासारख्या जबड्यांनीं त्यास ठार करूं पाहतो. कधीं तो प्रतिस्पर्ध्याच्या अंगास आपल्या शरीरांतील एक द्रव्य फांसतो. त्या वासानें कामकरी मुंग्या फसतात व त्या बिचाऱ्यास शत्रु समजून मारून टाकितात. गादीसाठीं भाऊबंदांचा काटा काढणें, व तेंही दुसऱ्याच्या हातून, ही विद्या मनुष्यानें शोधून काढली असें मानणाऱ्यांनीं आपला अभिमान आवरावा! पंखवाल्या नराचें संरक्षण याहून चमत्कारिक आहे. त्याच्या अंगास तरुण राणीसारखा वास येतो. त्यामुळें बिनपंखी नर त्याच्या वाटेस जात नाहीं, उलट कित्येकदां भुलून त्याचें प्रियाराधन करूं लागतो. हा शोध २००२ सालीं प्रसिद्ध झाला.

परंतु हे प्रयोग ज्या मुंग्यांवर झाले, त्या खरोखर पुण्याच्या मुंगीच्याच जातीच्या होत्या काय? येथें आपली कथा पुन्हां नांवावर येते. अमेरिकन शास्त्रज्ञ व्हीलर यानें १९२९ सालीं फोर्मोसा बेटांतील, म्हणजे आजच्या तैवानांतील, अशाच मुंग्यांस रॉटनीचा एक किंचित् काळसर पोटभेद मानून 'ऑब्स्क्यूरिऑर' असें नांव दिलें होतें. एवढ्याशा फरकाला कोण विचारतो, असें म्हणून पुष्कळांनीं दोन्हींस एकच नांव लाविलें. २००३ सालीं जर्मनींतील ग्यॉर्लित्स येथील बर्नहार्ड झायफर्ट यांनीं या प्रजातीचा मोठा निबंध प्रसिद्ध केला. निरनिराळ्या देशांतील मुंग्या सूक्ष्मदर्शकाखालीं घेऊन डोक्याची लांबीरुंदी, पाठीवरील कांट्यांची लांबी, कमरेच्या मण्यांची रुंदी अशीं अनेक मापें त्यांनीं काढलीं, व त्यांवरून सिद्ध केलें कीं, हा पोटभेद नसून या दोन स्वतंत्र जाति आहेत. त्यामुळें रॉटनी या नांवाखालीं प्रसिद्ध झालेल्या वर्णनांपैकीं कित्येक वास्तविक ऑब्स्क्यूरिऑरचीं होतीं, असें मागाहून मान्य करावें लागलें. वर सांगितलेला वासाचा शोध व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेलें संपूर्ण आनुवंशिक लेखन हींही ऑब्स्क्यूरिऑरचींच आहेत. सारांश, कीर्ति मिळाली ती धाकट्या बहिणीस, व तीही बराच काळ थोरलीच्या नांवावर. पुण्याची मुंगी आपल्या नांवासह पुन्हां मागें पडली.

वाचक विचारतील, अशा वेळीं खरी रॉटनी कोणती, हें ठरवावें कसें? त्यासाठीं शास्त्रांत एक व्यवस्था आहे, व ती आपल्या कोर्टकचेरींतील मूळ दस्तऐवजासारखी आहे. ज्या प्रत्यक्ष नमुन्यावरून नांव दिलें गेलें, तो नमुना जपून ठेवावयाचा, व वाद उत्पन्न झाल्यास त्याशीं ताडून पाहावयाचें. कागदाच्या त्रिकोणी तुकड्यावर डिंकानें चिकटविलेली मुंगी, टांचणी, व तिच्याखालीं हातानें लिहिलेली चिठ्ठी, एवढाच हा दस्तऐवज असतो. वर्णन अपुरें असेल, चित्र नसेल, लेखक मरून गेला असेल. तरी हा कण जोंपर्यंत आहे तोंपर्यंत त्या नांवाचा अर्थ नाहींसा होत नाहीं. फोरेलचा संग्रह जिनीव्हा येथील संग्रहालयांत आहे. म्हणजे भिवंडीच्या तगरीवरील मुंगी पुण्याच्या मुंगीच्या जातीची आहे किंवा कसें, याचा शेवटचा निवाडा व्हावयाचा तो जिनीव्हांत.

हें ऐकून कोणास विषाद वाटेल. मलाही प्रथम वाटला. परंतु अधिक विचार करतां दोष त्या लोकांकडे जात नाहीं. रॉटननें मुंग्या वेंचल्या, फोरेलनें त्या जपल्या, जिनीव्हाकरांनीं शंभरावर वर्षें त्यांस बुरशी लागूं दिली नाहीं. आपणांकडे डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन यांनीं वाट दाखविली असतां त्या वाटेनें मराठी वाचक फारसा गेला नाहीं, हें खरें दुःख आहे. सखाराम अर्जुन १८८५ सालींच वारले. रॉटनही पुढें मुंग्या सोडून सस्तन प्राण्यांकडे वळले, व या सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणींत त्यांनीं उतारवयांत मोठें काम केलें. बेळगांवच्या बाजूस बारापेडे गुहांत राहणाऱ्या एका दुर्मिळ वटवाघळास १९१३ सालीं त्यांचेंच नांव देण्यांत आलें. १९०३ सालीं बिंगहॅम यांनीं हिंदुस्थानांतील मुंग्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो अजून अभ्यासकांच्या टेबलावर असतो. शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी सामान्य वाचकाच्या हातीं देण्याजोगें त्याचें मराठी भावंड आपल्या कपाटांत दिसत नाहीं.

या सर्व खटाटोपाचा व्यवहारांत उपयोग काय, असें विचारणारे विचारतीलच. त्यांस माझ्या गांवाकडेच बोट दाखवितों. भिवंडी हें एके काळीं भातशेतीचें व हातमागांचें गांव. मग यंत्रमागांचें शहर झालें. आणि आतां मुंबईच्या मालाचीं अफाट गुदामें त्याच्या चहूंबाजूंस उभीं आहेत. देशोदेशींचा माल येथें उतरतो व येथून जातो. मालाच्या खोक्यांबरोबर, रोपांच्या कुंड्यांबरोबर, नारळांच्या पोत्यांबरोबर मुंग्याही प्रवास करितात. कार्डिओकोंडायलाच्या कांहीं जातींनीं अशाच रीतीनें, मनुष्याच्या व्यापाराच्या पाठीवर बसून, पृथ्वीच्या उष्ण भागांत ठिकठिकाणीं वसाहती केल्या आहेत. पंखाशिवाय नर, बहीणभावांतच संतति, सुकलेल्या पानांत मावणारें बिऱ्हाड. म्हणजे एक पान जरी परदेशीं पोहोंचलें तरी संसार थाटण्यास पुरे. अशा स्थितींत आपल्याकडील मूळची मुंगी कोणती व बाहेरून आलेली कोणती, हें ओळखतां आलें नाहीं, तर घरचा कोण व पाहुणा कोण हेंच न कळणाऱ्या यजमानासारखी आपली अवस्था होईल. शिवाय जीं बांधावरचीं झाडें रोज तुटत आहेत, त्यांवर काय राहत होतें हें मागाहून सांगावयास कोणी उरणार नाहीं.

माझ्या नातीच्या मुंग्यांचें काय झालें, हें सांगितल्याशिवाय लेख संपविणें अन्यायाचें होईल. त्यांपैकीं चार मुंग्या मीं स्पिरिटाच्या लहान बाटलींत ठेविल्या, व एका महाविद्यालयांतील स्नेह्यांच्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या. पाठीच्या मागील बाजूस दोन टोंकदार कांटे, कमरेचा दुसरा मणी रुंद व हृदयाकृति, शृंगिकेचें टोंक गदेसारखें जाड; एवढ्यावरून प्रजाति कार्डिओकोंडायला असावी असें आम्हां दोघांस वाटलें. परंतु रॉटनी कीं ऑब्स्क्यूरिऑर, यावर स्नेह्यांनीं मान हालविली. तेवढीं बारीक मापें घेण्याचें साधन त्यांजपाशीं नव्हतें, व नसतां निश्चय सांगावा असा त्यांचा स्वभाव नव्हे.

मीं घरीं येऊन नातीस सर्व हकीकत सांगितली. ती थोडी हिरमुसली. "म्हणजे अजून नांव कळलेंच नाहीं!" असें म्हणाली. मीं तिला सांगितलें, "घराणें कळलें, नांव कळावयाचें आहे." मग तिनें एका कागदाच्या तुकड्यावर गांव, झाड, महिना व वर्ष हीं सुवाच्य अक्षरांत लिहिलीं, व तो तुकडा बाटलींत घातला. पेन्सिलीनें लिही, शाई स्पिरिटांत विरघळते, एवढेंच मला तिला सांगावें लागलें. ती बाटली सध्यां माझ्या पुस्तकांच्या कपाटांत आहे. चिठ्ठी मराठींत आहे.